ऐंशी टक्के

त्सिउरीबाईंनी टॅबलेट आणला तो उशीच्या अभ्र्यात गुंडाळून,
आजारी कोंबडी आणावी तसा.
"काच उचलली गेलीय," म्हणाल्या,
"आतून कुणी ढकलतंय जसं."

कुताइसीत, पुलाच्या अलीकडे, माझं दुकान
इतकं अरुंद की गिऱ्हाईक आलं
की मी पोट आत घेतो.
टॅबलेट पालथा ठेवला, बोटाने हलकेच टिचकी मारली,
भोवऱ्यासारखा गरगरला.
सपाट वस्तू अशी फिरत नाही.
"किती दिवस चार्जिंगला आहे?"
"नातिया बारीला गेली तेव्हापासून."

म्हणजे पाच वर्षं.
लाकडाच्या शेगडीवरची फळी, शेजारी कांद्याची माळ,
आणि वायर, जी एकदाही निघाली नाही.
शंभर. शंभर. शंभर.
जीव टांगणीला लागलेला, खिळ्याला.

मी आपलं नेहमीचं सांगितलं:
काठोकाठ भरून राहणं बॅटरीला सोसत नाही,
त्यात खालून धग.
थोडं उतरू द्यावं, थोडं चढू द्यावं.

"तुझा जन्म कधीचा?"
"सत्त्याण्णव."
"मग तुला काय ठाऊक.
त्या हिवाळ्यांत वीज यायची तासभर, तीही पहाटे तीनला.
आम्ही दचकून उठायचो. पीठ मळ, पाणी तापव,
पोरीला न्हाऊ घाल.
आणि गेली, की ज्याच्या हातात जे असेल ते तिथेच.
एकच वेणी घालून शाळेत गेलीय माझी नातिया.
अर्धंमुर्धं कसं ठेवायचं
ते मला नको शिकवूस."

मी गप्प बसून स्क्रू काढले.
फुगलेली बॅटरी वाळूच्या डब्यात पुरली,
नवी बसवली,
आणि त्यांना न विचारता
ऐंशीची मर्यादा लावून टाकली.

तपासायला म्हणून बारीला फोन लावला.
नातिया दिसली. ओठांवर बोट.
मागून कुणा म्हातारीची हाक,
मग फोन कुठेतरी उताणा पडला
आणि आम्ही दोघं
इटलीतलं एक छत बघत बसलो.
ओल आली होती एका कोपऱ्यात.
तीन मिनिटं. चार.
"गुरुवारी दुपारी सुटी असते तिला," त्सिउरीबाई म्हणाल्या,
"दोन ते सहा."
आज मंगळवार होता.

मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या आकड्याकडे गेली.
"वीस कुठे गेले?"
"तेवढे मुद्दाम रिकामे ठेवलेत."
"बरं."
बिल शंभर लारीचं.
त्यांनी ऐंशी मोजून ठेवले,
पाकिटाची कळ टक्कन लावली
आणि अभ्रा घडी करून निघाल्या.

पुढच्या आठवड्यात, रात्री दोन वाजता, परदेशी नंबर.
"आई उचलत नाही! बंद लागतोय! कधीच बंद नसतो!"
स्लिपरवरच पळालो. चढावर कुत्री मागे लागली.
दार ठोठावलं, ठोठावलं,
शेजारच्यांचा दिवा लागला आधी.

त्सिउरीबाई आल्या, डोक्याला रुमाल, गाढ झोपेतून.
"काय झालं? तूच म्हणालास ना, उतरू द्यावं?
मी बटण दाबून बंदच केला रात्रीपुरता.
दमला असेल म्हटलं."

खिळ्यावर वायर गुंडाळून ठेवलेली, नीट,
माळेतला एक कांदा कमी झालेला.

मी माझा फोन त्यांच्या हातात दिला.
अंधारात दोन चेहरे उजळले,
एक इथे, एक तिकडे, जिन्यात बसलेला,
दोघी आधी एकमेकींवर ओरडल्या,
मग तिकडची रडायला लागली
आणि इकडची विचारत राहिली, जेवलीस का, जेवलीस का.

माझ्या फोनवर अकरा टक्के.
मी उंबऱ्यावर बसलो
आणि काही बोललो नाही.